गुणिलेकाका

दुबईत करामा किंवा बर दुबईत राहिलेल्या प्रत्येक मराठी माणसाच्या ओळखीत एक तरी गुणिलेकाका असतात. खरं आडनाव जोशी, सावंत, पाटील काहीही असो. समोर किंमत आली की त्यांच्या तोंडून आधी ‘गुणिले’ निघतं, मग बाकीचं वाक्य.

आमचे काका वीस वर्षांपूर्वी इथं आले, तेव्हा दिरहम साडेबारा रुपयांच्या आसपास होता. पाढे घोकून मोठी झालेली पिढी, अडचण नव्हती. रुपया घसरत गेला तसे काका बाराच्या पाढ्यावरून सतराच्या, मग एकोणिसाच्या आणि पुढे तेविसाच्या पाढ्यावर आले. घरी पैसे पाठवायच्या दिवशी रुपया पडला की काका पेढे वाटायच्या बेतात असतात. हॉटेलात बसले की तोच रुपया त्यांच्या पायावर पडलेला असतो.

“सगळा घोळ 1966 सालचा,” ते सांगतात. तोपर्यंत या किनाऱ्यावर आपलाच रुपया चालायचा. 1959 मध्ये तर रिझर्व्ह बँकेनं आखातासाठी वेगळा रुपया काढला होता. मग 1966 मध्ये भारतानं रुपयाचं अवमूल्यन केलं आणि इथल्यांनी तो सोडला. “नाहीतर मला गुणायलाच लागलं नसतं!” अवमूल्यन काकांच्या खिशातून झाल्यासारखे ते उसासा टाकतात.

तर तेविसाच्या पाढ्याच्या दिवसांत काकांची लेक आणि जावई पुण्याहून आले. “जावई पहिल्यांदा आलेत, एकदा चांगल्या अरबी हॉटेलात न्यायचंच,” असं काकूंनी जाहीर केलं. शेजारी म्हणून आम्हा दोघांनाही बोलावणं होतं. काकांनी खारकेसारखा सुकलेला चेहरा करून होकार दिला.

हॉटेल लेबनानी पद्धतीचं, बुर्ज खलिफाच्या पायथ्याशी, कारंज्याकडे तोंड करून. आत नक्षीदार पितळी दिवे, पांढरेशुभ्र टेबलक्लॉथ आणि पुस्तकाएवढं जाड मेनूकार्ड. लोक मेनूकार्ड डावीकडून वाचतात किंवा उजवीकडून. काका फक्त आकडे वाचतात. तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं की किमतीत 5 टक्के व्हॅट, 7 टक्के पालिका शुल्क आणि सेवा आकार धरलेला आहे. ते वाचताना त्यांनी चष्मा दोनदा पुसला.

पहिली तक्रार मुतब्बलवर निघाली. भाजलेलं वांगं, त्यात तिळाची ताहिनी, लिंबू, लसूण, वर ऑलिव्ह तेल. काकांनी एक घास घेतला. “हे भरीत आहे.”

“अहो, पण किती मऊ आहे!” काकू म्हणाल्या.

“पंचेचाळीस गुणिले तेवीस. एक हजार पस्तीस रुपयांचं भरीत! एवढ्यात जळगावला पंगत उठेल.”

त्याच नजरेनं त्यांनी पुढचे पदार्थ तपासले. हुम्मुस म्हणजे वाटलेले काबुली चणे. लबने म्हणजे चक्का, साखर घालायची राहिलेला. तब्बुलेत दलिया नावापुरता, बाकी सगळी बारीक चिरलेली पार्सली. तिला त्यांनी ‘परदेशी कोथिंबिरीची कोशिंबीर’ ठरवलं. फत्तूशमधल्या तळलेल्या रोटीच्या तुकड्यांवर ते जरा थांबले. “शिळ्या पोळीचा चिवडा घरी केला की तुम्ही नाकं मुरडता,” एवढंच म्हणाले.

मग ते एकदम खुलले. लेबनानी हॉटेलात बसल्याबरोबर बर्फावर मांडलेली अख्खी काकडी, टोमॅटो, मुळे, सॅलडची पानं, ऑलिव्ह आणि गरम रोट्या टेबलावर येतात. त्याचे वेगळे पैसे नसतात. हे कळल्यावर काकांनी टोमॅटोच्या फोडी केल्या, मीठ मागवलं आणि घरातल्यासारखी बैठक मारली. पुरीसारखी टम्म फुगलेली रोटी संपली की वेटर दुसरी आणायचा. सहाव्या रोटीनंतर तो काकांना न विचारताच आणू लागला. शीश तावूकची कोंबडी आणि कोळशावरचे कबाब आले, तेव्हा काकांच्या पोटात जागा नव्हती. फुकटाच्या काकडीनं दोन हजारांच्या कबाबांना अडवून धरलं होतं.

गोडाला कुनाफा झाला. आतल्या चीजची तार जावयांच्या काट्यापासून बशीपर्यंत लांबत गेली आणि काकांची नजर तिच्याबरोबर.

शेवटी गहवा आला, खजुरांसोबत, पाहुणचाराचा म्हणून. गहवा म्हणजे अरबी कॉफी; सोनेरी, पातळ, वेलदोड्याच्या वासाची, बिनसाखरेची. वाढणारा डाव्या हातात दल्ला, म्हणजे कॉफीची किटली, आणि उजव्या हातात फिंजान, म्हणजे बिनकानाचा छोटा पेला, धरतो आणि तळाशीच थोडी ओततो. काठोकाठ भरला तर ‘आता उठा’ असा अर्थ होतो. पुरे म्हणायचं असेल तर रिकामा फिंजान हातात हलवायचा. नाही हलवला तर तो ओतत राहतो. 2015 मध्ये युनेस्कोनं या अरबी कॉफीची अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद केली आहे.

काकांना वीस वर्षांत हा रिवाज ठाऊक नाही असं नाही. आम्ही एकेक करून फिंजान हलवले. काकांनी तो दगडासारखा स्थिर धरला. पाचवा झाला, सातवा झाला. नवव्याला वाढणाऱ्यानं काकूंकडे करुणेनं पाहिलं.

“अहो, हलवा की हात!”

“बिनपैशाचा आहे,” काका पुटपुटले. “गुणायला काही नाही.”

अकराव्या फिंजानानंतर हात आपोआपच हलला. कॉफीनं थरथरत होता.

काकांना अरबी जेमतेम येतं. बाकी, खलास, बस असे जे शब्द मराठीतून आधीच ठाऊक होते, तेवढ्यांवर त्यांनी वीस वर्षं काढली. त्यातलाच एक त्यांनी आता ऐटीत वापरला: “अल-हिसाब, लौ समहत!” आपला हिशोब तिकडूनच आलेला.

बिलाची चामडी घडी आली. जावयांनी हात पुढे केला, पण काकांनी ती झडप घालून ओढली. जावयांना आकडा तेवढा दिसला.

“नऊशे चाळीस,” ते म्हणाले, “म्हणजे रुपयात किती होतील... एकवीस हजार...”

आम्ही सगळे काकांकडे पाहू लागलो. तेविसाचा पाढा त्यांच्या ओठावर होता.

“जावईबापू,” काका कार्ड काढत म्हणाले, “खाण्याचा हिशोब करू नये.”

वेटरसाठी त्यांनी चाळीस दिरहम रोख ठेवले आणि आम्ही मेट्रोकडे निघालो.

गुणिलेकाकांना कंजूष म्हणणारे चुकतात. कंजूष माणूस भाव बघतो आणि घरी जेवतो. गुणिलेकाका सगळा पाढा म्हणतात, आणि मग बिल भरतात.