दहा मार्कांचं बंड

सबमिशनचे दिवस आले की कॉलेजच्या दारातल्या झेरॉक्सवाल्याकडे जॉर्ज ऑरवेलचा भाव वधारतो. ‘1984 या डिस्टोपियन कादंबरीची समीक्षात्मक चर्चा करा’ हा प्रश्न दहा मार्कांना, शब्दमर्यादा पाचशे. कादंबरीतलं सरकार दरवर्षी भाषेतले शब्द कमी करत नेतं, कारण शब्दच नसले की माणसाला वाकडा विचार करता येत नाही. अशा कादंबरीवर पाचशे शब्दांच्या आत लिहा म्हणणं हे फार वरच्या दर्जाचं औचित्य आहे. पेपर सेटरला ते ठाऊक नसणार. पण मोठी कामं अशी नकळतच होतात.

मुलांची तारांबळ बघवत नाही, म्हणून आजचं सदर त्यांच्या सेवेला. पहिली सूचना अशी की ऐन वेळी कादंबरी वाचायला घेऊ नये. वाचली की शंका येतात, आणि मार्किंग स्कीममध्ये शंकेला मार्क नाहीत.

सुरुवात मोतीहारीपासून करावी. एरिक आर्थर ब्लेअर म्हणजेच ऑरवेल 25 जून 1903 रोजी बिहारमधल्या मोतीहारीला जन्मला, वडील इंग्रज सरकारच्या अफू खात्यात नोकरीला. भारताचं नाव निघालं की तपासणाराचा हात सैल सुटतो. पोर वर्षाचं होतंय न होतंय तोच आई त्याला घेऊन इंग्लंडला निघून गेली, हे मात्र लिहू नये. उगाच अर्धा मार्क जायचा. मग ब्रह्मदेशातली पोलीस खात्यातली नोकरी, मग स्कॉटलंडमधलं जुरा बेट, तिथे क्षयाने खंगत असताना अंथरुणात बसून स्वतःच टाइप केलेलं हस्तलिखित, 8 जून 1949 रोजी लंडनला प्रकाशन आणि 21 जानेवारी 1950 रोजी मृत्यू. एवढ्यात दीडशे शब्द होतात आणि कादंबरीला अजून बोटही लागलेलं नसतं. उरलेल्या साडेतीनशेंत बिग ब्रदर, टेलिस्क्रीन आणि विचार-पोलीस हिरव्या पेनाने अधोरेखित करून बसवायचे.

आता ‘समीक्षात्मक’. हा शब्द पाहून काही भाबडी मुलं आपलं मत लिहायला जातात. त्यांनी सांभाळून राहावं. प्रश्नाखाली ‘स्वतःच्या शब्दांत लिहा’ असं छापलेलं असतं, ते खरं आहे. स्वतःचे शब्द मॅडम मंगळवारी आणि गुरुवारी दुसऱ्या तासाला डिक्टेट करतात. गैरहजर राहिलात तर मैत्रिणीच्या वहीतून स्वतःचे शब्द व्हॉट्सअ‍ॅपवर मागवावेत.

यात मॅडमना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांच्या डोक्यावर तीन वर्गांचं इंटर्नल, नॅकची फाइल आणि मतदारयाद्यांचं काम असतं. शिवाय त्या जे करतात ते कादंबरीला धरूनच आहे, आणि हेच मला आज सांगायचं आहे. समीक्षात्मक निबंध कसा असावा याचा नमुना ऑरवेलने कादंबरीच्या पोटातच ठेवलाय. गाईडं काढणाऱ्यांचं तिकडे लक्ष गेलेलं दिसत नाही.

नायक विन्स्टन स्मिथच्या हाती एक बंदी घातलेलं पुस्तक पडतं. गोल्डस्टाइन नावाच्या देशद्रोह्याने लिहिलेलं, सत्ता कशी चालते याची चिरफाड करणारं. ऑरवेल त्यातली पानंच्या पानं उतरवून देतो. पुष्कळ वाचक तिथेच धारातीर्थी पडतात. विन्स्टन मात्र भारावून वाचतो आणि शेवटी त्याला वाटतं, यात नवं असं काही नाही, आपल्याला आधीच माहीत होतं तेच नीट रचून सांगितलंय. आणि म्हणूनच पुस्तक उत्तम आहे. मॉडेल आन्सरची इतकी नेमकी व्याख्या बी.एड.च्या अभ्यासक्रमातही सापडायची नाही.

पुढे विन्स्टन पकडला जातो. कोठडीत छळ करणारा ओब्रायन त्याला सहज सांगून टाकतो की ते पुस्तक लिहिणाऱ्यांत मीही होतो. पक्षाविरुद्धचं ते जहाल पुस्तक पक्षाच्याच माणसांनी सांघिकपणे लिहिलेलं असतं. कुणाला बंड करायचं असेल त्याने कुठल्या परिच्छेदाने सुरुवात करावी, मुद्दे कोणते घ्यावेत, समारोप काय करावा, सगळं वरून आलेलं. बंडखोराने फक्त भारावून जायचं.

आमच्या वर्गातल्या पस्तीस वह्यांमध्ये सत्तेविरुद्धचा जो संताप आढळतो, त्याचं मूळ हे. पस्तीसही जण एकाच वाक्यात, एकाच स्वल्पविरामापाशी संतापतात. माणसांना एकसारखा विचार करायला लावणाऱ्या राजवटीचा निषेध एकसारख्या अक्षरात, डाव्या बाजूला समास सोडून केलेला असतो. एकीने समास सोडला नव्हता, तिचा निषेध परत आला.

आता विन्स्टनच्या प्रेयसीबद्दल, म्हणजे ज्युलियाबद्दल. विन्स्टन तिला हे महान पुस्तक मोठ्याने वाचून दाखवतो, तेव्हा ती झोपते. समीक्षक याचे पुष्कळ अर्थ लावतात. मला विचाराल तर अख्ख्या कादंबरीत साहित्याची जाण तिच्याइतकी कुणाला नाही, कारण सरकारी कादंबऱ्या जुळवणाऱ्या यंत्रांच्या देखभालीवर ती हाती पाना घेऊन कामाला आहे. खाणावळीतला आचारी घरी आल्यावर जेवणाबद्दल जितका उत्साह दाखवेल तितकाच ती वाङ्मयाबद्दल दाखवते. ‘ज्युलिया पुस्तक ऐकताना का झोपते?’ हा प्रश्न मात्र आजवर कुठल्या पेपरात माझ्या पाहण्यात आलेला नाही. शेवटच्या बाकावरच्यांना त्याचं उत्तर अनुभवाने येत असल्याने निकाल फुगेल, ही भीती असावी.

आणि हो, ती यंत्रं. ऑरवेलच्या राज्यात सामान्य जनतेसाठीची गाणीही यंत्रातून निघतात, माणसाचा हात न लागता. हे वाचून 1949 साली लोक हबकले होते म्हणतात. आता विद्यार्थी मोबाइलवरच्या यंत्राला सांगतो की ज्या कादंबरीत यंत्रं साहित्य लिहितात तिच्यावर मला साहित्य लिहून दे. यंत्र लगेच ‘एकीकडे’, ‘दुसरीकडे’, ‘तथापि’ करत लिहून देतं. अशा निबंधाची खूण म्हणजे त्यात स्पेलिंगची चूक नसते. म्हणून हुशार मुलं चार चुका हाताने घालतात. मेहनत कुठेतरी दिसली पाहिजे. मग कॉलेजचं दुसरं यंत्र तो तपासून ‘बहुधा यंत्राने लिहिलेलं’ असा शेरा मारतं. एक यंत्र लिहितं, दुसरं संशय घेतं, मधे मुलगी रोल नंबर टाकते.

उचलेगिरीबद्दल कुणी घाबरवलं तर विद्यापीठ अनुदान आयोगाचे 2018 चे नियम दाखवावेत. दहा टक्क्यांपर्यंतचं साम्य माफ, साठ टक्क्यांच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द, असा कडक मामला आहे. पण तो प्रबंध आणि शोधनिबंधांना. असाइनमेंट, निबंध आणि उत्तरपत्रिका त्यातून वगळल्यात, तसं व्याख्येतच लिहिलंय. वर्गातल्या निबंधात काही स्वतःचं असेल असा आरोप सरकारनेही कधी केलेला नाही.

ऑरवेलसाठी गळा काढण्याचीही गरज नाही; या धंद्यात त्याने स्वतः हात काळे केलेत. 1941 ते 1943 तो बीबीसीच्या पूर्व विभागात हिंदुस्थानसाठीचे कार्यक्रम करत होता, आणि त्यात इथल्या बी.ए.च्या मुलांना नेमलेल्या इंग्रजी पुस्तकांवरची भाषणंही होती. म्हणजे युद्ध पेटलेलं असताना, लंडनवर बॉम्ब पडून गेलेले असताना, हा माणूस टी. एस. एलियट आणि ई. एम. फॉर्स्टर यांच्यासारख्यांना माइकसमोर बसवून आपल्या पोरांची परीक्षेची तयारी करून घेत होता. एवढी महागडी गाईडं नंतर निघाली नाहीत. प्रत्येक संहिता दोनदा तपासली जायची, एकदा धोरणासाठी आणि एकदा सुरक्षेसाठी. इंटर्नल आणि एक्स्टर्नल ही पद्धत तिथूनच आली की काय कोण जाणे. कादंबरीतल्या छळाच्या खोलीचा 101 हा आकडा त्याने बीबीसीच्या बैठकीच्या खोलीवरून उचलला, असं मानतात. स्टाफ मीटिंगला बसलेल्या कुठल्याही प्राध्यापकाला हे विनापुरावा पटेल.

त्या कचेरीत त्याची सहायक म्हणून काम करणाऱ्यांत कोल्हापूरच्या वेणू चितळे होत्या. 1942 सालचा एक फोटो प्रसिद्ध आहे: एलियट, ऑरवेल, मुल्कराज आनंद आणि त्याच घोळक्यात वेणूताई. त्यांनी बीबीसीवरून मराठीतही बातम्या-भाषणं दिली आणि पुण्यातल्या एका ब्राह्मण कुटुंबाच्या पिढ्यांवर ‘इन ट्रान्झिट’ ही इंग्रजी कादंबरी लिहिली, 1950 साली. आमच्या मुलांना कादंबरीतल्या ओशनिया देशाच्या चारही मंत्रालयांची नावं पाठ असतात. वेणूताईंवर दोन मार्कांची टीपसुद्धा लिहावी लागत नाही. बरं आहे. लिहावी लागली असती तर त्याही हिरव्या पेनाखाली आल्या असत्या.

अमेरिकेतली मुलं याबाबतीत जास्त नशीबवान. जुलै 2009 मध्ये मिशिगनमधला सतरा वर्षांचा एक विद्यार्थी शाळेच्या अभ्यासासाठी किंडलवर हीच कादंबरी वाचत होता, शेजारी टिपणं करत होता. एके दिवशी कादंबरी गायब! विकणाऱ्याकडे हक्कच नव्हते असं लक्षात आल्यावर अ‍ॅमेझॉनने लोकांच्या यंत्रांतून ती परस्पर पुसून टाकली आणि पैसे परत केले. जुने कागद भट्टीच्या भोकात टाकून इतिहास नाहीसा करण्याचं वर्णन ज्या पुस्तकात आहे, तेच पुस्तक. मुलाची टिपणं शिल्लक होती, पण ती कशावर होती ते गेलेलं. आपल्याकडे सबमिशन चुकलं की आजी वारते. काही मुलांच्या आज्या दर सेमिस्टरला वारलेल्या मी ऐकल्यात. तो पठ्ठ्या कोर्टात गेला. अ‍ॅमेझॉनच्या जेफ बेझोसनी त्याआधीच जाहीर माफी मागितली होती; पुढे दीड लाख डॉलरवर तडजोड झाली. माझ्या मते त्या मुलाने नुसती ती टिपणं सादर करायला हवी होती. मूळ कादंबरीशी काहीही संबंध न उरलेली टिपणं म्हणजे आमच्याकडे पूर्ण निबंध धरतात.

ऑरवेल जड जात असेल तर रे ब्रॅडबरीची ‘फॅरनहाइट 451’ घ्यावी. 1953 ची, आटोपशीर, पुस्तकं जाळणाऱ्या सरकारबद्दलची. शाळांना ती इतकी आवडली की 1967 मध्ये प्रकाशकाने खास शाळांसाठी आवृत्ती काढली आणि तिच्यातली सत्तरपेक्षा जास्त ठिकाणं लेखकाला न विचारता सोज्वळ केली. शिव्या गेल्या, दारुडा माणूस आजारी झाला, आणि एके ठिकाणी बेंबीतला मळ काढायचा होता तो कानातला झाला. पुढे काही वर्षं तर बाजारात तीच आवृत्ती चालली. लेखकाला याचा पत्ता बारा वर्षांनी लागला. इतकी वर्षं वर्गावर्गांत मुलं त्या शुद्ध केलेल्या प्रतीवरून सेन्सॉरशिपच्या धोक्यांवर निबंध लिहीत होती आणि शिक्षक त्यांना ‘उत्तम’ देत होते.

राहता राहिला शेवटचा परिच्छेद, ‘आजच्या काळातील समर्पकता’. याला दोन मार्क हमखास असतात, पण इथे पाय घसरतो. कादंबरी आजही समर्पक आहे असं ठणकावून लिहावं. कुठे समर्पक आहे ते लिहू नये. कुठल्या पक्षाचं, नेत्याचं, कायद्याचं नाव घेऊ नये. तपासणारा कोणत्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपात आहे हे आपल्याला ठाऊक नसतं. उदाहरण द्यायचंच झालं तर उत्तर कोरिया द्यावा. तो लांब आहे, तिथलं कुणी आपल्या विद्यापीठाच्या सिनेटवर नाही आणि तिथून पेपर तपासायला कुणी येत नाही. इतकी वर्षं आपल्या मुलांचे दोन-दोन मार्क सांभाळल्याबद्दल त्या देशाला परीक्षा विभागाने मानधन द्यायला हवं.

यंदा एका वर्गात एका मुलाने हात वर करून विचारलंच. मॅडम, समर्पकतेत आपल्या परीक्षेच्या हॉलमधल्या कॅमेऱ्याचं उदाहरण दिलं तर चालेल का? मॅडम क्षणभर थांबल्या, वर कोपऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “तो कॅमेरा तुमच्या हितासाठी आहे.” सगळ्यांनी माना खाली घालून ते वहीत उतरवून घेतलं. पहिल्या बाकावरच्या मुलीने खाली रेघ मारली आणि विचारलं, “मॅडम, हे थीममध्ये लिहायचं की समर्पकतेत?”