चालतंयकर

नवा संगणक घरात आला की बाकीची मंडळी त्याचा पडदा, त्याचा वेग आणि त्याचा हप्ता पाहतात. चालतंयकर मात्र त्याला उलटा फिरवतात आणि पाठीवरून हात फिरवत विचारतात, "याला पॅरलल पोर्ट कुठंय?" तो नसतो, हे त्यांना दुकानातच कळलेलं असतं, तरी एकदा तोंडावर विचारून घेतलेलं बरं. मग माळ्यावरून पिशवी खाली येते. कुठल्याशा साडी सेंटरचं पुसट नाव असलेल्या त्या कापडी पिशवीत नऊ पिनांची, पंचवीस पिनांची, जांभळ्या-हिरव्या गोल तोंडाची कनेक्टरं एकमेकांच्या गळ्यात पडून झोपलेली असतात, आणि तळाशी रबरबँड लावलेल्या ड्रायव्हरच्या सीड्या. असा एक इसम प्रत्येक सोसायटीत, पतपेढीत आणि शाळेच्या ऑफिसात असतोच. लोक त्याला चिक्कू म्हणतात, आणि हा आरोप साफ खोटा आहे.

चिक्कू माणूस हिशेबाला पक्का असतो. चालतंयकरांचा हिशेब तपासायला घेतला तर कुठलाही सीए डोक्याला हात लावेल. जुना कीबोर्ड वाचवायचा म्हणून ते पुण्यात असले तर तपकीर गल्ली गाठतात, मुंबईत असले तर लॅमिंग्टन रोड. गोल तोंडाचा कीबोर्ड यूएसबीत बसवणारं टोपण तिथे किरकोळीत मिळतं. घरी येऊन लावावं, तर कीबोर्ड ढिम्म. कारण त्या टोपणात नुसत्या तारा असतात. ज्या कीबोर्डला दोन्ही पद्धतींचं बोलणं येतं, त्यालाच ते चालतं. बाकीच्यांना आत चिप असलेला कन्व्हर्टर लागतो. म्हणजे दुसरी खेप. रिक्षा, कन्व्हर्टर आणि मधली मिसळ यांची बेरीज नव्या कीबोर्डच्या वर जाते, आणि हे काकूंनी पहिल्या खेपेलाच सांगितलेलं असतं. तेव्हा पैसा हे कारण नव्हे. चालणारी वस्तू बाद झाली हे आपल्याला न विचारता कोणी ठरवलं, एवढंच काकांना जाणून घ्यायचं असतं.

आणि बाद झालेलं असतं तरी काय? झेरॉक्सच्या दुकानांपासून वकिलांच्या ऑफिसांपर्यंत पसरलेला 'एचपी लेझरजेट १०२०' घ्या. या प्रिंटरची फर्मवेअर त्याच्याजवळ कायमची नसतेच. दर वेळी चालू झाला की ती संगणकाकडून मागून घ्यावी लागते. सकाळी उठल्यावर 'मी कोण?' असं बायकोला विचारणाऱ्या गृहस्थासारखं त्याचं आहे. नव्या संगणकाला उत्तर ठाऊक नसलं की धडधाकट यंत्र दिवा लावून नुसतं बसून राहतं. स्कॅनरची कथा आणखी वाईट. ३२ बिटांसाठी लिहिलेला ड्रायव्हर ६४ बिटांच्या विंडोजमध्ये चालत नाही, आणि २०२१ साली आलेल्या विंडोज ११ची ३२-बिट आवृत्तीच निघालेली नाही. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट संपला, लोकांनी संगणक बदलले, आणि आदल्या दिवशी सातबारा स्कॅन करणारी यंत्रं दुसऱ्या दिवशी आंधळी ठरली. काच तीच, दिवा तोच. एकदा विकून झालेल्या वस्तूसाठी पुन्हा ड्रायव्हर लिहायला कंपनीला कोणी पैसे देत नाही, हे खरं कारण. यावर शंका असेल तर अशाच एखाद्या 'मेलेल्या' स्कॅनरला व्ह्यूस्कॅन किंवा लिनक्सवरचं सेन लावून पाहावं. दुसऱ्या कोणीतरी लिहिलेला ड्रायव्हर मिळाला की त्यातले पुष्कळसे मुकाट्यानं कामाला लागतात. वस्तू मेली असती तर हे झालं नसतं.

स्कॅनरचं एक वेळ पटलं, पण त्या कर्रर्र करणाऱ्या डॉट मॅट्रिक्सला कवटाळून का बसायचं, असं विचारणाऱ्यानं एखाद्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात दहा मिनिटं उभं राहावं. तिथे बिल्टीच्या तीन प्रती एका दमात निघतात, कारण डॉट मॅट्रिक्सच्या सुया रिबनवर प्रत्यक्ष आपटतात आणि तो मार खालच्या कार्बनपर्यंत पोहोचतो. लेझर प्रिंटर कागदाला ठोसा मारतच नाही. त्याच्याकडून कार्बन कॉपी कशी निघणार? चालतंयकरांची खरी कसोटी मात्र इथेच लागते. यूएसबीची पॅरलल केबल जोडली की विंडोजला प्रिंटर दिसतो, पण जुन्या बिलिंग प्रोग्रॅमला विंडोजशी कर्तव्य नसतं. तो थेट एलपीटी-१ला हाक मारतो आणि पलीकडे कोणी नसतं. मग काका प्रिंटर शेअर करतात, 'नेट यूज'ची आज्ञा देऊन एलपीटी-१ची हाक तिकडे वळवतात, आणि पहिली ओळ छापली गेली की तिच्याकडे नातवंडाकडे पाहावं तसं पाहतात. त्या ओळीत फक्त जीएसटी नंबर असतो.

वेळ फुकट जातो, हा आक्षेप मला मान्य आहे. रविवारची दुपार एका केबलपायी जाते खरी. पण ज्यांच्याकडे केबल नसते त्यांची रविवारची दुपार काही ज्ञानेश्वरी वाचण्यात जात नाही. शिवाय या खटपटीचं कूळ मोठं आहे. १९८०च्या सुमाराला एमआयटीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन यांना नव्या लेझर प्रिंटरचा सोर्स कोड मिळाला नाही. कागद अडकला की सगळ्यांना कळवण्याची जी सोय त्यांनी जुन्या प्रिंटरला केली होती, ती नव्याला करता येईना. १९८३ साली त्यांनी जीएनयू प्रकल्प जाहीर केला, आणि आपण या वाटेला का लागलो हे सांगताना ते त्या प्रिंटरची गोष्ट सांगतात. चालतंयकरांना अर्थात हे माहीत नसतं, आणि ते सांगूही नये. नाहीतर पिशवीच्या दोन पिशव्या होतील.

सुरक्षिततेचा आक्षेप मात्र वजनदार आहे आणि त्यावर काकांकडे उत्तर नाही. जुना स्कॅनर कोणाचं वाईट करत नाही; पण त्याच्यासाठी जिवंत ठेवलेला विंडोज एक्सपीचा संगणक इंटरनेटला जोडून त्यावर बँकेचे व्यवहार करणं हा शुद्ध अविचार आहे. तसंच मराठी टाइपसेटिंगच्या जुन्या सॉफ्टवेअरचं पॅरलल पोर्टात बसणारं डोंगल. यूएसबीच्या साध्या पॅरलल केबलला फक्त प्रिंटर कळतो, कुलूप कळत नाही. तिथे केबलींवर केबली जोडत बसण्यात अर्थ नाही. काकांना हे तिसऱ्या केबलनंतर पटतं.

तेव्हा नवा संगणक घ्यायला निघण्याआधी आपल्या प्रिंटर-स्कॅनरचे मॉडेल नंबर कागदावर उतरवून न्या आणि त्यांचा ६४-बिट ड्रायव्हर मिळतो का, हे पैसे देण्यापूर्वी पाहा. नसेल मिळत, तर जुना संगणक लगेच भंगारात देऊ नका. नेटची वायर काढा आणि स्कॅनरपाशी ठेवा. आणि केबल लागली तर आधी वरच्या मजल्यावर विचारा.