नानांचा गाळा

नानांचं घर पुढून दुकान आहे आणि मागून घर. संगमनेर रोडवरून आत वळलं की आधी दिसतं ते दहा फुटी शटर. घराचा दरवाजा त्याच्या शेजारी अंग चोरून उभा. आत मात्र दुकान नाही, आणि ज्या गाडीसाठी नकाशात ‘पार्किंग’ लिहिलं होतं तीही नाही. गाडी बाहेर लिंबाखाली, ताडपत्री पांघरून. आत गव्हाच्या कोठ्या, उन्हाळ्याची वाट बघणारा कूलर, मुलाचं अभ्यासाचं टेबल, उरलेल्या फरशीचे खोके. ‘‘भाडेकरू आला की हलवायचंच आहे सगळं,’’ असं नाना वास्तुशांतीपासून सांगत आलेत.

असे नाना श्रीरामपुरात गल्लोगल्ली आहेत. साखर कारखान्यात नाहीतर झेडपीत नोकरी, फंडाच्या पैशात बंगला आणि बंगल्याच्या पोटात गाळा. आज पार्किंग, उद्या दुकान. हा ‘उद्या’ म्हणजे जिल्हा. नगर क्षेत्रफळाने राज्यातला सगळ्यात मोठा जिल्हा, तो फोडणार, आणि फोडला की मुख्यालय श्रीरामपूरच, यात नानांना तिळमात्र शंका नाही. संगमनेर आणि शिर्डीवाल्यांनाही आपापल्या गावाबद्दल तशीच शंका नाही, पण ते नानांच्या हिशेबात धरलेलं नाही. ‘‘आरटीओ कुठाय? आपल्याकडं. एमएच सतरा! अपर पोलीस अधीक्षक कुठं बसतात? आपल्याकडं. रेल्वे? आपल्याकडं.’’ त्या रेल्वेने स्टेशनाचं नाव बेलापूरच ठेवलंय हे कुणी काढलं, तर नाना पाणी प्यायला आत जातात. २०२४ साली जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं तेव्हा त्यांनी लगोलग शटरला रंग दिला. नाव बदललं म्हणजे फाइल हलली, एवढं त्यांना पुरेसं होतं.

तर असं हे शटर. ते बसवतानाच पहिली लढाई झाली होती. मिस्तरी म्हणाला, पट्टी अठरा गेजची घ्या. नाना म्हणाले, ‘‘वीसची लाव. पैशाकडं बघू नको.’’ मिस्तरीने परोपरीनं सांगितलं, ‘‘नाना, गेज वाढला की पत्रा पातळ होतो.’’ नानांनी त्याच्याकडे असं बघितलं, की त्या बिचाऱ्यालाच क्षणभर आपल्या धंद्याची शंका आली. ‘‘कारखान्यात हयात गेली माझी. आकडा मोठा तो माल जाड.’’ वीस गेज बसला. गल्लीतल्या पोरांचा टेनिस बॉल त्या पट्ट्यांवर जिथे जिथे बसला, तिथे तिथे आजही वाटीएवढा पोचा आहे. पोचे आल्यावर नाना म्हणाले, ‘‘हल्ली मालच राहिला नाही.’’

देखभालीचा मात्र त्यांना मनापासून नाद. दर दिवाळीला आधी स्कूटरचं जळकं ऑइल आणि वरून ग्रीस, दोन्ही बाजूंच्या चॅनेलमध्ये बोटाने सारवायचं. खरं तर चॅनेलला ग्रीस लावूच नये. कोरड्या ब्रशने धूळ काढावी, फडक्याने पुसावं. ग्रीस धूळ धरून बसतं. आणि इथे दिवाळीच्या आगेमागेच गळीत हंगाम सुरू होतो, रस्त्याने उसाच्या ट्रॉल्या धुरळा उडवत जातात. पौष येईपर्यंत चॅनेलमध्ये काळं पिठलं तयार होतं. मग शटर उचलायला दोन माणसं लागतात: नाना वरून आकडीने ओढतात, काकू खालून खांदा देतात. त्या आवाजाने अख्खी गल्ली उठते.

गेल्या वर्षी शटर अर्ध्यावर जाऊन आपोआप खाली यायला लागलं. नानांनी त्याला बांबूचा टेकू दिला आणि त्या टेकूखालून महिनाभर कोठीतले गहू काढले. शेवटी काकूंनी मिस्तरीला फोन केला.

मिस्तरी आला तेव्हा नाना पाना घेऊन स्टुलावर चढले होते आणि वरच्या पाइपाच्या क्लॅम्पचा बोल्ट चाचपत होते. ‘‘नाना, हात काढा! आधी खाली या!’’ मिस्तरी इतका ओरडला की नाना खरोखर उतरले. शटर माणूस उचलत नाही, स्प्रिंग उचलते. वर आडव्या पाइपावर गुंडाळीच्या स्प्रिंगा असतात. शटर खाली ओढलं की त्या आवळल्या जातात आणि वर नेताना तोच ताण वजन पेलतो. त्या ताणात बोल्ट सैल केला तर पाइप गर्रकन फिरतो आणि पाना धरणाऱ्याचं मनगट सोबत नेतो. मिस्तरीने हे दोन वाक्यांत सांगितलं. पाइपाचं टोक मोठ्या पान्यात पकडून त्यावर सगळं वजन टाकलं, मग पोराला क्लॅम्प सोडायला लावला, दात आवळून पाइप एक एक वेढा फिरवला, पुन्हा क्लॅम्प कसला. खाली उतरून एका बोटाने शटर उचललं. ते निमूट वर गेलं.

‘‘एवढ्याचे किती?’’ नानांनी विचारलं. आकडा ऐकून म्हणाले, ‘‘एका बोटाचे?’’

मुलगा पुण्याहून आला की मोटारीचं शटर बसवू म्हणतो. वीज गेली तर साखळीने हाताने उचलता येतं, हेही त्याने समजावलं. नानांची अडचण निराळीच. ‘‘रिमोट भाडेकरूकडं राहणार का आपल्याकडं?’’ कोणता भाडेकरू, हे मुलाने विचारलं नाही. तो शहाणा आहे.

गिऱ्हाइकं आली नाहीत असं नाही. सलूनवाला आला; केस उडतील म्हणून नको. मोबाइल रिपेअरवाला आला. पोरांचा अड्डा होईल. चिकन सेंटरवाल्याला काकूंनी परस्पर लावून दिलं. दाताचे डॉक्टर आले होते, ते नानांना पसंतही होते, पण त्यांनी आतली भिंत पाडायची का विचारलं. नानांना हवं आहे बँकेचं एटीएम. भाडं वेळेवर आणि पाहुणा अबोल.

मिस्तरी परवा चहा पिताना बोलून गेला, ‘‘नाना, एटीएमचं शटर रात्रंदिवस वरच असतं. खाली ओढायचं कामच नाही.’’

नाना बराच वेळ बशीत बघत बसले. मग म्हणाले, ‘‘म्हणजे ग्रीस वाचलं.’’