जगात जर्मनी, समुद्रात परभणी

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असे आपण छातीठोकपणे म्हणतो. मग परभणीत सागरी कयाक क्लब का नसावा? समुद्र नाही, हा आक्षेप पोकळ आहे. क्लेपरची घडीची कयाक १९०७ पासून बनू लागली ती बव्हेरियातल्या रोझेनहाइमला, आणि समुद्र तिथेही नाही. लाकडी सांगाडा, वर रबरी कापड, काम झाले की पिशवीत. तसल्याच नावेतून हान्नेस लिंडेमानने १९५६ मध्ये अटलांटिक ओलांडला. शिवाय उलटलेल्या नावेतून सुटायला आधी संथ पाण्यातच शिकतात, आणि त्यासाठी जिंतूर तालुक्यात येलदरीचा जलाशय आहेच.

दुसरा आक्षेप मात्र जड आहे: त्यात पाणी असेल का? एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा मुलखात वल्ह्याआधी घागर बुडावी, हे रास्तच. म्हणून नाव घडीचीच घ्यावी: भरती आली की उघडायची, ओहोटी लागली की कपाटात. कोकणातली ओहोटी सहा तासांत संपते. आपली कधीकधी दोन-तीन वर्षे चालते, एवढाच फरक.