नाकातला सूर

दहावीच्या सुट्टीत मामेभावाने डायर स्ट्रेट्सची ‘ब्रदर्स इन आर्म्स’ ही कॅसेट ऐकवली. त्यातलं ‘मनी फॉर नथिंग’ सुरू होताना आधी कीबोर्ड घोंघावतो, मग विसर्जन मिरवणूक कोपऱ्यावर आल्यासारखा ड्रम्सचा गडगडाट होतो, आणि एकदम एकटी गिटार बोलायला लागते. नाकातून बोलते. सर्दी झालेल्या, पण आत्मविश्वासाला तोटा नसलेल्या माणसासारखी. त्याच दिवशी ठरवलं, हे आपण वाजवायचं. ठरवल्यापासून गिटार घरात येईपर्यंत पस्तीस वर्षं गेली. मधे नोकरी, लग्न, फ्लॅटचे हप्ते अशी किरकोळ कामं निघाली.

डायर स्ट्रेट्सचा गिटारवाला मार्क नॉफ्लर पिक वापरत नाही. अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं, एवढ्यावर त्याचा संसार. तार छेडताना अंगठ्याची कड तिला ओझरती लागली की ती मधेच किंचाळते, आणि या गाण्याची अर्धी ऐट त्या किंचाळण्यात आहे. माझी तार भलत्याच ठिकाणी किंचाळायची. खालच्या मजल्यावरच्या काकू एकदा येऊन विचारून गेल्या, “तुमच्या मांजराला बरं नाही का?” आमच्याकडे मांजर नाही.

चार महिन्यांत बोटं बसली, पण नाक काही बसेना. मग पाकीट उघडलं. आधी डिस्टॉर्शनचं पेडल. मग वाहवाह. हे खरं तर पायाने खालीवर हलवायचं असतं, पण नॉफ्लरने ते एका जागी अर्धवट दाबून तसंच ठेवलं होतं. हे म्हणजे घाटातल्या ट्रॅफिकमध्ये हाफ क्लचवर गाडी धरून ठेवण्यासारखं. तिसऱ्या दिवशी पोटरीत गोळा आला, तेव्हा खाली खोडरबर कोंबला. शेवटी आलं कॉम्प्रेसरचं पेडल. “आवाज भरतो यानं,” दुकानदार म्हणाला होता. भरलाच! मी बायकोला डोळे मिटून ऐकायला लावलं. “किती भरीव झाला ना?” ती म्हणाली, “खूपच.” लग्नाला सव्वीस वर्षं झाली आहेत.

तरी नाक वेगळंच. म्हणून मुळाशी गेलो आणि तिथे जे कळलं त्याने झोप उडाली. नॉफ्लरला मुळात झेडझेड टॉपच्या बिली गिबन्ससारखा आवाज हवा होता. म्हणजे मी ज्याची नक्कल करत होतो ती मुळात नक्कल, आणि तीही न साधलेली! कॅरिबियन समुद्रातल्या मॉन्टसेराट बेटावर, बीटल्सच्या जॉर्ज मार्टिन यांनी उभारलेल्या स्टुडिओत ते रेकॉर्डिंग चाललं होतं. गिटार गिब्सनची लेस पॉल ज्युनियर, अँप्लिफायर लेनीचा. समोरचे माइक अजून नीट लावायचे होते. एक जमिनीकडे तोंड करून, दुसरा स्पीकर सोडून भलतीकडेच. ते सरळ करायच्या आत नील डॉर्फ्समन या ध्वनिमुद्रकाच्या कानावर तो आवाज पडला, आणि माइक होते तिथेच राहिले. पुढे न्यूयॉर्कच्या स्टुडिओत त्याने तोच आवाज पुन्हा काढायचा प्रयत्न केला. नाही निघाला. मूळचा स्टुडिओ तर 1989 च्या ह्यूगो चक्रीवादळाने मोडला, आणि 1995 पासून त्या बेटावर ज्वालामुखी जागा झालाय.

एवढं कळल्यावर शहाणा माणूस गिटार कपाटावर ठेवेल. मी मुलीच्या जुन्या कंपासपेटीतून कोनमापक काढला. माइक जमिनीकडे पस्तीस अंश. मग चाळीस. बेचाळीस अंशांवर क्षणभर नाक आल्याचा भास झाला, पण तेव्हा शेजारच्यांचा मिक्सरही चालू होता.

गेल्या रविवारी घरी नवा फ्रीज आला. ‘मनी फॉर नथिंग’ही अशाच वस्तूंच्या गराड्यात सुचलेलं आहे. न्यूयॉर्कमधल्या घरगुती उपकरणांच्या दुकानात टीव्हींच्या भिंतीवर एमटीव्ही चालू होता आणि तिथला एक कामगार त्यातल्या गाणाऱ्यांवर तोंडसुख घेत होता. नॉफ्लरने तिथेच कागद मागून घेतला आणि ते बोलणं उतरवून काढलं. आमच्याकडे दोघं पोरं तीन जिने फ्रीज चढवून घामाघूम उभी होती, आणि हॉलमध्ये पन्नाशी उलटलेला एक गृहस्थ खोडरबर सारखा करत बसला होता. असा योग पुन्हा यायचा नाही. मी पूर्ण आवाज चढवून सुरुवातीचा तुकडा वाजवला आणि नजरेनेच पेन शोधू लागलो.

थोराड पोराने मान तिरकी करून ऐकलं. बाटलीतलं पाणी संपवलं.

“काका, कॉम्प्रेसर गेलाय.”

आमचा जुना फ्रीज स्वयंपाकघराच्या दारात घुरघुरत होता आणि पोराचं तोंडही तिकडेच होतं, हे खरं. तरी मी खाली वाकून पाहिलं. पेडलचा लाल दिवा बंद होता. वायरीचा माग काढत भिंतीपर्यंत गेलो, तर प्लग जमिनीवर, आणि त्याच्या जागी बायकोचा मोबाइल चार्ज होत होता.

“हा कधी काढलास?”

“गणपतीत,” ती म्हणाली. “माळ लावायला.”

पेडल मी आणलं होतं गणपतीच्या आदल्या दिवशी.