अनामत न भरलेला पक्ष

एकाच प्रश्नावर पक्ष उभारणारांची आपल्या मुलखात कधी वाण पडली नाही. गोमंतकात भाऊसाहेब बांदोडकरांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाची सारी मदार महाराष्ट्रात ‘विलीनीकरण’ या एका शब्दावर होती. 16 जानेवारी 1967 रोजी जनमत कौलात लोकांनी तो शब्द 34,021 मतांच्या आधिक्याने खोडून टाकला, आणि त्याच वर्षी मार्चमध्ये त्याच पक्षाला पुन्हा सत्तेवर बसविले. प्रश्न बुडाला, पक्ष तरला.

आमच्या इंदुरात 2024 सालच्या लोकसभा निवडणुकीत नेमके उलटे घडले. 29 एप्रिलला, अर्ज मागे घेण्याच्या अखेरच्या दिवशी, काँग्रेसचे उमेदवार अक्षय कांती बम यांनी अर्ज मागे घेऊन भाजपच्या गोटात रुजू होणे पसंत केले. तेव्हा त्या पुरातन पक्षाने, हाताशी दुसरे काही न उरल्याने, ‘नोटा’चे बटण दाबण्याची विनवणी मतदारांस केली. अशा रीतीने ज्यास अध्यक्ष नाही, खजिनदार नाही, आणि ज्याच्या जाहीरनाम्यात ‘यांपैकी कोणीही नाही’ एवढे एकच कलम, असा पक्ष रणांगणी अवतरला.

13 मे रोजी, मतदानाच्या दिवशी, छप्पन दुकान या खाऊगल्लीत बोटाची शाई दाखविणारास पोहे-जिलबी मोफत होती. आमच्या आळीतले आप्पा बशीवर शेव वाढवून घेत होते.

“कोणाला दिलंत, आप्पा?”

“कोणालाच नाही.”

“मग पोहे कसले खाता?”

“मत दिल्याचे! ते माणसालाच द्यायचं, असं दुकानदारानं थोडंच म्हटलंय?”

निकालात भाजपचे शंकर लालवानी यांस 12,26,751 मते पडली, नोटास 2,18,674, आणि तिसऱ्या क्रमांकावरील बसपास 51,659. विजेता वगळता सर्व उमेदवारांची अनामत सरकारजमा झाली. नोटाची तेवढी शाबूत राहिली, कारण त्याने ती भरलीच नव्हती. तो पहिला आला असता तरी कायद्याने गादी दुसऱ्यासच मिळती, ही गोष्ट अलाहिदा. एक गुण मात्र निर्विवाद: हा प्रतिनिधी पक्षांतर करणार नाही.

नर्मदेचे पाणी नळास एक दिवसाआड येते; त्याबद्दल आप्पांनी सुवाच्य अक्षरांत अर्ज लिहून ठेवला आहे. वर ‘माननीय’ घातले आहे. पुढची जागा अजून कोरीच आहे.