उजनी किती टक्के?

पुणे-सोलापूर महामार्गावर पुण्यापासून सुमारे शंभर किलोमीटरवर असलेल्या भिगवण परिसरात ऋतू सहा की तीन, हा वाद पक्ष्यांचे छायाचित्रण करणाऱ्यांपुरता केव्हाच निकालात निघाला आहे, कारण त्यांच्या लेखी येथील ऋतू टक्क्यांत मोजले जातात. भीमा नदीवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले आणि त्याचा पाणफुगवटा, म्हणजे भिंतीमागे नदीपात्र सोडून शेतशिवारात पसरलेले पाणी, इंदापूर तालुक्यातील पळसदेव, डिकसळ, कुंभारगाव या गावांच्या अंगाशी येऊन ठेपला. धरणाच्या सुमारे ११७ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, क्षमतेपैकी निम्म्याहून अधिक पाणी हा ‘मृतसाठा’ होय; तो वापराच्या नेहमीच्या हिशेबात धरला जात नसल्याने मोजणीतील शून्य त्याच्या माथ्यावर येते आणि पाणी त्याखाली उतरले की समोर अथांग जलाशय दिसत असतानाही वर्तमानपत्रांत ‘उजनी उणे’ अशी बातमी छापली जाते. २०२४ च्या उन्हाळ्यात हा आकडा उणे साठच्या आसपास गेला होता. अशा बातमीने ऊस लावून बसलेला बागायतदार कपाळाला हात लावतो, तर पुण्यातील छायाचित्रकार बॅटऱ्या चार्जिंगला लावतो. पाणी ओसरल्याखेरीज चिखल उघडा पडत नाही आणि चिखलाखेरीज पक्षी जवळ येत नाहीत, हे त्याचे साधे शास्त्र आहे.

पावसाळ्यात धरण भरते, चिखलपट्टे बुडतात आणि ही मंडळी नाइलाजाने कडबनवाडीच्या माळाकडे वळतात. तेथे चिंकारा, खोकड आणि नशीब जोरावर असल्यास लांडगाही दिसतो, परंतु छायाचित्रांत बहुधा त्यांची पाठच येते.

खरी वर्दळ हिवाळ्यात सुरू होते. पट्टकदंब, म्हणजे डोक्यावर दोन काळे पट्टे मिरवणारा हंसकुळातील पक्षी, मध्य आशियातून हिमालय ओलांडून येतो आणि कोणताही गाजावाजा न करता काठच्या शेतात चरू लागतो. छायाचित्रकार पुण्याहून चारपदरी रस्त्याने येतो, वाटेत चहा आणि मिसळीसाठी थांबतो आणि उतरताना कंबर धरून प्रवासाची दगदग वर्णितो. त्याच्या अंगावर झाडपाल्याची नक्षी असलेला पोशाख असतो, जेणेकरून पक्ष्यांना त्याचा सुगावा लागू नये; मात्र चहूकडे उघडे पाणी, मध्ये एक रंगीत नाव आणि नावेत दाटीवाटीने बसलेली सहा झुडपे, असे दृश्य पाहून पक्ष्यांचा कोणता गैरसमज होत असेल, यावर अद्याप अभ्यास झालेला दिसत नाही.

या नावा चालवणारे बहुतेक तरुण स्थानिक मासेमार कुटुंबांतील असून बुडालेल्या शिवाराच्या उंचसखलपणापासून परदेशी लेन्सच्या किमतीपर्यंत सारे त्यांना मुखोद्गत असते. “सर, शटर दीड हजारावर घ्या, आता उडंल,” असे नावाडी वल्हे न थांबवता सांगतो. येथे शटर म्हणजे कॅमेऱ्याचा पडदा सेकंदाच्या दीड हजाराव्या भागापुरता उघडण्याची गती. सर मेनू शोधू लागतात आणि पक्षी उडून जातो. ऑस्प्रे हा मासेखाऊ शिकारी पक्षी तर याबाबतीत विशेष निष्ठुर म्हणावा लागेल. पाण्यात रोवलेल्या खांबावर तो तासभर निश्चल बसतो, तेवढ्यात त्याची एकसारखी शेकडो छायाचित्रे निघतात, अखेर कंटाळून कोणी डब्यातील ठेपला बाहेर काढतो आणि नेमक्या त्या क्षणी तो पाय पुढे टाकून पाण्यावर झेपावतो. हाती लागलेल्या चौकटीत वर डाव्या कोपऱ्यात शेपटी आणि खाली ठेपला असतो.

उन्हाळ्याच्या तोंडावर उथळ पाण्यात रोहित, अर्थात फ्लेमिंगो, मोठ्या संख्येने दिसू लागतात. हा पक्षी डोके उलटे करून चोच पाण्यात फिरवतो, चोचीच्या कडांवरील बारीक पट्ट्यांनी चिखलपाणी गाळून सूक्ष्म जीव व शेवाळ खातो आणि त्या अन्नातील रंगद्रव्यांमुळे गुलाबी होतो. उडण्यापूर्वी त्याला पाण्यावरून बरेच अंतर धावावे लागते. हे धावणे टिपण्यासाठी नाव थव्याच्या अंगावर घालण्याचा आग्रह काही गिऱ्हाइके धरतात. खाणाऱ्याला पंगतीतून उठवून त्याच्या पळण्याचे कौतुक करण्याचा हा प्रकार केवळ असभ्य म्हणून सोडून देता येत नाही, कारण अशा प्रत्येक उड्डाणात चरण्याचा वेळ आणि कमावलेली शक्ती दोन्ही वाया जातात. जाणते नावाडी अशा वेळी इंजिन बंद करतात आणि पुढे गाळ आहे, नाव रुतेल, असे सांगतात. ते नेहमीच खरे असते असे नाही.

पाणी फारच खाली गेले की पळसदेवचे एरवी बुडालेले पळसनाथाचे प्राचीन मंदिर उघडे पडते आणि त्याच्या दर्शनास, त्याहूनही त्याच्यासमोर स्वतःचे छायाचित्र काढण्यास, गर्दी लोटते. शिखरावर राखी बगळा बसलेला असेल, तर छायाचित्रकारास गर्दी हटावी असे वाटते, गर्दीस छायाचित्रकार हटावा असे वाटते, आणि दोघेही आपली निकड नावाड्यास स्वतंत्रपणे बाजूला घेऊन समजावतात. नावाडी दोघांनाही हो म्हणतो आणि पैसे आधी घेतो.